३२-बिट की ६४-बिट? जुन्या-नव्या प्रोसेसरवर कोणती विंडोज, कोणतं लिनक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आजूबाजूच्या गावांतून आमच्याकडे संगणक दुरुस्तीला येतात, तेव्हा त्यांच्यासोबत हे प्रश्नही येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तर रोजच येतात. मार्केट यार्डातलं आडत दुकान, लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओ, पतसंस्था, डीटीपीवाले, इंजिनिअरिंगची मुलं, प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. त्यामुळे उत्तरंही कुठे लांब, कुठे दोन ओळींची झाली आहेत.

आमचं मत आधीच सांगतो. प्रोसेसर ६४-बिट असेल तर ऑपरेटिंग सिस्टमही ६४-बिटच टाका. याला अपवाद आहेत, पण ते जवळजवळ नेहमी एखाद्या जुन्या प्रोग्रॅममुळे, प्रिंटरमुळे किंवा सॉफ्टवेअरसोबत मशिनला लावायच्या हार्डवेअर लॉकमुळे (डोंगल) येतात. ती अडणारी वस्तू कोणती ते आधी शोधा, फॉरमॅट नंतर मारा.

३२-बिट आणि ६४-बिट यात नेमका फरक काय?

प्रोसेसर एका वेळी किती लांबीच्या आकड्यावर काम करतो आणि मेमरीतल्या जागांना किती लांबीचे पत्ते देऊ शकतो, हा मुख्य फरक. साखर कारखान्याच्या काट्याला पाचच आकड्यांचा डिस्प्ले असला तर ९९,९९९ किलोच्या पुढचं वजन तो दाखवू शकत नाही, गाडीत ऊस कितीही असो. ३२-बिट पत्त्याचं तसंच आहे. त्यातून जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. एका पत्त्यावर एक बाइट, म्हणजे एकूण ४ जीबी.

६४-बिटमध्ये ही मर्यादा व्यवहारात उरत नाही. आजचे बहुतेक प्रोसेसर ६४ पैकी ४८ बिटच पत्त्यासाठी वापरतात, तरी तेवढ्यातच २५६ टीबी बसतात. पण मेमरी हा एकच फायदा नाही. इंटेल-एएमडी घराण्यात ६४-बिट मोडमध्ये प्रोसेसरच्या आतले सर्वसाधारण वापराचे रजिस्टर (आकडे ठेवायचे छोटे कप्पे) ८ चे १६ होतात, त्यामुळे मधले आकडे सारखे मेमरीत ठेव-काढ करावे लागत नाहीत. व्हिडिओ रेंडर करणं, मोठी फाइल झिप करणं, फोटोवर फिल्टर लावणं यात ते जाणवतं. पत्र टाइप करताना जाणवणार नाही.

चार जीबी रॅम टाकली, पण विंडोज ३.२५ जीबीच दाखवते. दुकानदाराने फसवलं का?

नाही. ३२-बिट विंडोजकडे पत्तेच ४ जीबीचे आहेत, आणि त्यातले काही ग्राफिक्स कार्ड, बायोस (मशिन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम), नेटवर्क कार्ड यांच्यासाठी राखीव ठेवावे लागतात. उरलेले रॅमच्या वाट्याला येतात. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर आकडा आणखी खाली येतो.

यावर एक जुना उपाय होता. १९९५ च्या पेंटियम प्रो पासून इंटेलने पीएई नावाची सोय दिली, तिने पत्ता ३६ बिटांचा होऊन ६४ जीबीपर्यंत रॅम लावता येते. लिनक्सने ती वापरली. मायक्रोसॉफ्टने मात्र घरगुती ३२-बिट विंडोज ४ जीबीवरच थांबवली, कारण बरेच ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड अशा वस्तू चालवणारे छोटे प्रोग्रॅम) त्यापुढचे पत्ते आले की गडबडत होते. ही मर्यादा उघडून देणारे 'पॅच' नेटवर मिळतात. हिशोबाच्या मशिनवर ते टाकू नका. ड्रायव्हरने एकदा चुकीच्या जागी लिहिलं की कोणती फाइल खराब झाली ते कळतही नाही.

६४-बिट टाकली की पूर्ण रॅम दिसते. मात्र विंडोज ७ असेल तर आवृत्ती बघा: होम बेसिक ८ जीबीपर्यंत आणि होम प्रीमियम १६ जीबीपर्यंतच घेते, ६४-बिट असली तरी.

माझ्याकडे काय आहे, ते कसं ओळखू?

सेटिंग्ज उघडा, सिस्टममध्ये जा आणि सगळ्यात खाली 'अबाउट' वर क्लिक करा. विंडोज ७ असेल तर 'कॉम्प्युटर' वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'. तिथे 'सिस्टम टाइप' अशी ओळ असते. विंडोज ७ मध्ये तिच्यात फक्त ऑपरेटिंग सिस्टम दिसते, विंडोज १० मध्ये मात्र स्वल्पविरामाच्या अलीकडे ऑपरेटिंग सिस्टम, पलीकडे प्रोसेसर असतो. दोन्ही भाग वाचा. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या मशिनवर बऱ्याचदा '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं लिहिलेलं असतं. म्हणजे प्रोसेसर ६४-बिट आहे, पण त्यावर कुणीतरी ३२-बिट विंडोज टाकून दिली आहे. असे मालक नवा संगणक घ्यायच्या तयारीने येतात आणि त्याच मशिनमध्ये थोडी रॅम आणि एसएसडी टाकून घरी जातात.

पलीकडे 'एक्स८६-बेस्ड' असं असेल तर प्रोसेसरच ३२-बिट आहे. त्यावर ६४-बिट काहीही चढणार नाही.

कोणते प्रोसेसर खरोखरच ३२-बिट आहेत?

पेंटियम ३ आणि त्याआधीचे सगळे, पेंटियम ४ मधले सुरुवातीचे, पेंटियम एम, २००६ च्या सुरुवातीचा 'कोअर ड्युओ', आणि २००८ च्या छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७०. 'कोअर २ ड्युओ' मात्र ६४-बिट आहे. नावातल्या एका '२' वरून बरीच गल्लत होते.

एक विचित्र प्रकारही आहे. अ‍ॅटम 'बे ट्रेल' वर चालणारे काही स्वस्त टॅबलेट-लॅपटॉप असे आहेत की प्रोसेसर ६४-बिट, पण आतलं यूईएफआय (बायोसची जागा घेणारा प्रोग्रॅम) ३२-बिट. त्यावर ६४-बिट विंडोजचा पेन ड्राइव्ह बूटच होत नाही. तो पेन ड्राइव्हचा दोष नाही.

आमचा प्रोसेसर इंटेलचा आहे. मग लिनक्सची 'एएमडी६४' नावाची फाइल कशी चालेल?

चालेल, तीच घ्या. हे नाव असं का पडलं त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि जुनं सोडून नव्याकडे कसं जावं हे समजायला तो उपयोगी आहे.

इंटेलचा ८०८६ आला १९७८ मध्ये. त्याच्या पुढच्या ८०१८६, ८०२८६, ८०३८६ या पिढ्यांवरून सगळ्या घराण्याला 'एक्स८६' म्हणू लागले. १९८५ चा ८०३८६ हा त्यातला पहिला ३२-बिट. पुढे ६४-बिटची वेळ आली तेव्हा इंटेलने एचपीबरोबर इटॅनियम नावाचं पूर्ण वेगळं आर्किटेक्चर आणलं. पहिला इटॅनियम २००१ मध्ये बाजारात आला. रचना नवी होती, पण लोकांचे रोजचे ३२-बिट प्रोग्रॅम त्यावर फार हळू चालत. एएमडीने उलटा रस्ता धरला: जुन्या एक्स८६ लाच वाढवून ६४-बिट केलं, म्हणजे जुना प्रोग्रॅमही पूर्ण वेगाने चालेल आणि नवाही. एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि सप्टेंबरमध्ये अ‍ॅथलॉन ६४ आला. लोकांनी हाच रस्ता उचलला, आणि २००४ पासून इंटेलनेही आपल्या प्रोसेसरमध्ये तीच पद्धत घेतली. म्हणून नाव एएमडीचं आणि चालतं दोघांच्या प्रोसेसरवर. काही ठिकाणी त्यालाच 'एक्स८६-६४' किंवा 'एक्स६४' लिहिलेलं असतं. तिन्ही एकच.

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती कुठे मिळेल?

कुठेच नाही. विंडोज १० ही ३२-बिटमध्ये आलेली शेवटची विंडोज. कुणी '३२-बिट विंडोज ११' म्हणून काही देत असेल तर ते मायक्रोसॉफ्टचं नाही. घेऊ नका.

आमच्या आडतीचा हळदीचा प्रोग्रॅम डॉसमधला आहे. ६४-बिट विंडोजवर तो उघडतच नाही. आता काय करायचं?

मार्केट यार्डातून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काळी स्क्रीन, शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर, मग हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी, आणि डॉट मॅट्रिक्सवर कर्रकर्र करत निघणारी कार्बन कॉपी. फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये नव्वदच्या दशकात कुणीतरी लिहून दिलेला हा प्रोग्रॅम अजून बिनचूक हिशोब देतो. लिहिणाऱ्याचा आता पत्ता नाही. दिवाणजींच्या बोटांना तो इतका सवयीचा आहे की ते स्क्रीनकडे न बघता पट्टी काढतात. तो टाकून द्या असं आम्ही सांगणार नाही.

तो ६४-बिटवर का चालत नाही? डॉसचे प्रोग्रॅम १६-बिट आहेत. ३२-बिट विंडोज ते चालवायची, कारण ३२-बिट मोडमध्ये प्रोसेसरला जुन्या ८०८६ चं सोंग घेता येतं. ६४-बिट मोडमध्ये प्रोसेसरची ही सोयच बंद होते. त्यामुळे विंडोजमध्ये कुठलंही बटण दाबून किंवा 'कम्पॅटिबिलिटी मोड' लावून हा प्रोग्रॅम चालू होणार नाही.

उपाय असा: ६४-बिट विंडोजवर डॉसबॉक्स, डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस-प्लस यांपैकी एक टाका. हे जुना संगणकच आत नक्कल करून उभा करतात. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेला आहे. हिशोबाच्या प्रोग्रॅमसाठी नंतरचे दोन जास्त बरे, कारण छपाईची सोय त्यांच्यात चांगली आहे. प्रोग्रॅमचं संपूर्ण फोल्डर उचलायचं. फक्त डीबीएफ (डेटाच्या) फाइल घेतल्या आणि इंडेक्सच्या राहिल्या तर प्रोग्रॅम उघडेल, पण नावं शोधताना चुकेल. नंतर गेल्या हंगामातल्या काही पट्ट्या परत काढून जुन्या कागदाशी ताडून बघा. वजन, कपात, शेवटची बाकी, तिन्ही जुळलं की मगच जुनं मशिन बंद करा.

छपाई हा यातला चिवट भाग. डॉसचा प्रोग्रॅम 'एलपीटी१' ला माल पाठवतो आणि नव्या मदरबोर्डला ते पोर्टच नसतं. यूएसबी-टू-पॅरलल केबल लावली तर विंडोजला प्रिंटर दिसतो, डॉसला दिसत नाही. अशा वेळी डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस-प्लसमध्येच एलपीटी१ चा माल विंडोजच्या प्रिंटरकडे वळवायचा. प्रिंटर कच्चा मजकूर घेईल असा ठेवा, नाहीतर पट्टीचे रकाने सरकतात.

दुकानात एकापेक्षा जास्त मशिन एकाच डेटावर चालत असतील तर हे सगळं अवघड होतं, कारण फाइल लॉक होणं नकलेत नीट जमेलच असं नाही. तिथे आमचा सल्ला वेगळा आहे: एक जुनं ३२-बिट मशिन फक्त त्या कामासाठी ठेवा, त्याची इंटरनेटची वायर काढा, आणि त्याच वर्षी नवा प्रोग्रॅम लिहून घ्यायला सुरुवात करा. डीबीएफ फाइल आजही एक्सेलला, लिब्रेऑफिसला वाचता येतात. जुनी खाती वाया जाणार नाहीत.

जुना प्रिंटर, स्कॅनर, डोंगल चालेल का?

इथे नियम कडक आहे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम चालतो, पण ३२-बिट ड्रायव्हर अजिबात चालत नाही. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, तिथे मिसळ चालत नाही. शिवाय व्हिस्टापासून ६४-बिट विंडोज सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही.

म्हणून फॉरमॅट मारण्याआधी प्रत्येक वस्तूच्या पाठीवरचा मॉडेल नंबर लिहून काढा आणि कंपनीच्या साइटवर ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते बघा. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० ला ६४-बिट विंडोजचा ड्रायव्हर आहे. लिनक्सवर त्याला जास्त खटपट लागते. एचपी लेसरजेट १०२० दोन्हीकडे चालतो, लिनक्सवर त्याचा प्लगइन वेगळा उतरवावा लागतो.

स्कॅनरला ६४-बिट ड्रायव्हर नसेल तरी तो लगेच भंगारात देऊ नका. लिनक्समधली 'सेन' ही यंत्रणा कितीतरी जुने स्कॅनर ओळखते. दुसरा मार्ग: ६४-बिट विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात ३२-बिट एक्सपी बसवा आणि स्कॅनरची यूएसबी जोडणी आतल्या एक्सपीला द्या. आतल्या एक्सपीला नेट देऊ नका. हार्डवेअर लॉकवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हा मार्ग कधी कधी उपयोगी पडतो, पण आधी लॉक बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधा. आणि लॉक तोडून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदेशीर आहे, शिवाय अशा फाइलसोबत व्हायरस येतो.

मराठी टायपिंगचं काय होईल?

यूनिकोडमध्ये टाइप करत असाल तर काहीच फरक पडत नाही. विंडोजचा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे आहे आणि विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही सोबत येतो.

अडचण जुन्या फॉन्टवर काम करणाऱ्या डीटीपीवाल्यांना येते. फॉन्टची फाइल स्वतः ३२ किंवा ६४ काही नसते, ती कुठेही चालते. पण जुनं टायपिंग सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत शिरून कळा बदलतं, आणि ३२-बिटचा तुकडा ६४-बिट प्रोग्रॅममध्ये शिरू शकत नाही. मग असं होतं: पेजमेकरमध्ये मराठी छान उमटतं, आणि त्याच मशिनवर नव्या ६४-बिट वर्डमध्ये तीच कळ दाबली की इंग्रजी अक्षर येतं. उपाय दोन. टायपिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या, किंवा ऑफिस ३२-बिट टाका. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ऑफिस आरामात चालतं. ऑफिस २०१९ पासून इन्स्टॉलर न विचारता ६४-बिट टाकतो, त्यामुळे ३२-बिट हवं असेल तर आधीच निवडावं लागतं.

लग्नपत्रिकांचे, निवडणुकीच्या पत्रकांचे वर्षानुवर्षांचे साचे जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले आहेत, हे आम्ही जाणून आहोत. तरी नवं काम यूनिकोडमध्ये सुरू करा असं मनापासून सांगावंसं वाटतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर कुणालाच वाचता येत नाही.

टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप?

टॅलीप्राइमला ६४-बिट विंडोज लागते. ऑटोकॅड २०१९ पर्यंत ३२-बिटमध्ये होतं, २०२० पासून फक्त ६४-बिट. कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या ड्रॉइंगवाल्यांना त्यामुळे पर्याय उरलेला नाही. फोटोशॉप सीएस६ दोन्हीत होतं, नव्या आवृत्त्या ६४-बिटच आहेत. स्टुडिओवाल्यांनी तर मुळीच विचार करत बसू नये: ३२-बिट विंडोजवर एका प्रोग्रॅमला साधारण २ जीबीच मेमरी वापरता येते, आणि बारा बाय छत्तीसच्या अल्बमचं थर-थर रचलेलं एक पान तेवढं सहज खातं.

एक्सेलमधले मॅक्रो ६४-बिट ऑफिसवर एरर देतात.

साधे मॅक्रो देत नाहीत. ज्यांच्यात 'डिक्लेअर' या शब्दाने विंडोजचं फंक्शन बोलावलेलं आहे तेच अडतात. ६४-बिट ऑफिसमध्ये त्या ओळीत 'पीटीआरसेफ' हा शब्द लागतो आणि पत्ता ठेवणारी चलं 'लाँग' ऐवजी 'लाँगपीटीआर' करावी लागतात. पतसंस्थेच्या व्याज-तक्त्यात असं काही असेल तर मॅक्रो लिहिणाऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्या, आणि तोवर ३२-बिट ऑफिस ठेवा.

कॉलेजात टर्बो सी++ शिकवतात, माझ्या लॅपटॉपवर चालत नाही.

टर्बो सी++ डॉसचं, १६-बिट. परीक्षेपुरतं हवं असेल तर डॉसबॉक्समध्ये चालवा. पण सोबत जीसीसी हा आजचा कंपायलरही टाका, कोड::ब्लॉक्समधून किंवा थेट लिनक्सवर. तोच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालवून बघाल तर आर्किटेक्चर म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा लवकर कळेल. टर्बोमध्ये 'इंट' २ बाइटचा आहे, त्यामुळे ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येतं. जीसीसीमध्ये तो ४ बाइटचा आहे, तिथे ३२,७६८ च येतं. ६४-बिटवर पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं चल) ८ बाइटचा होतो. 'लाँग' मात्र ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचाच राहतो आणि ६४-बिट लिनक्सवर ८ चा होतो. एका फायनल इयरच्या मुलीचा प्रोजेक्ट लिनक्सच्या लॅबमध्ये चालत होता आणि घरच्या विंडोजवर चुकीचे आकडे देत होता, त्याचं कारण हेच 'लाँग' निघालं. दोन्हीकडे सारखी लांबी हवी असेल तर 'इंट६४_टी' सारखे नेमके प्रकार वापरा.

रॅम दोनच जीबी आहे. ६४-बिट टाकली तर मशिन बसेल का?

थोडी जास्त मेमरी जाते, कारण प्रत्येक पॉइंटर दुप्पट लांब. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी किमान रॅम ३२-बिटला १ जीबी आणि ६४-बिटला २ जीबी सांगितली होती. ती फक्त चालू होण्यापुरती. आज रॅम खरी खातो तो ब्राउझर. दोन जीबीवर कुठलीही विंडोज टाकली तरी दोन-चार टॅब उघडले की मशिन घरघरणारच.

म्हणून २ जीबीवर ३२-बिट टाकून वेळ मारून नेण्यापेक्षा रॅम वाढवा. त्याआधी मदरबोर्ड बघा. जी३१ चिपसेटचा बोर्ड एकूण ४ जीबीच घेतो, जी४१ ८ जीबीपर्यंत जातो, एच६१ १६ जीबीपर्यंत. जी३१ वर पैसे घालू नका. एच६१ वर जरूर घाला: ८ जीबी रॅम आणि एसएसडी टाकल्यावर ते मशिन घरच्या वापराला अजून चांगलं चालतं.

जुन्या मशिनवर लिनक्स टाकायचं आहे. कोणतं?

प्रोसेसर ६४-बिट असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. पहिल्यांदाच लिनक्सवर येणाऱ्याला तिचा मेनू ओळखीचा वाटतो.

प्रोसेसर ३२-बिट असेल तर दारं एकेक बंद होत आहेत. उबुंटूने २०१७ मध्ये १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉपची फाइल देणं थांबवलं. फेडोराने २०१९ मध्ये ३२-बिट कर्नल (लिनक्सचा गाभा) सोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर नाही, त्यामुळे डेबियन १२ हा त्या मार्गावरचा शेवटचा मुक्काम. डेबियन १२ वर आधारलेल्या एलएमडीई ६ (मिंटचीच डेबियनवरची आवृत्ती) आणि अँटीएक्स यांच्या ३२-बिट आवृत्त्या आहेत. ब्राउझरचं दुखणं वेगळंच: क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, आणि फायरफॉक्सची नेहमीची आवृत्ती १४४ वर थांबली. म्हणजे मशिन चालेल, पण बँकेची साइट, सातबारा, परीक्षेचा फॉर्म यासाठी त्यावर विसंबू नका.

३२-बिट विंडोजवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होतं का?

होत नाही. फॉरमॅट मारून नव्यानेच टाकावी लागते. लायसन्स मात्र बदलावं लागत नाही. विंडोज १० ची तीच की दोन्हीला चालते.

फॉरमॅटआधी बॅकअप घ्या, आणि तो उघडून बघा. डेस्कटॉप आणि 'डॉक्युमेंट्स' सगळेच घेतात. राहतं ते टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी पडलेलं डॉसच्या प्रोग्रॅमचं फोल्डर. बॅकअपची एक प्रत दुकानाबाहेर, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागू नये, तरी सीपीयू अजून जमिनीवर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात, हे आम्ही आजही बघतो.

नव्या विंडोजमध्ये 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाची दोन फोल्डर दिसतील. ज्याच्यापुढे एक्स८६ आहे त्यात ३२-बिट प्रोग्रॅम जातात. विंडोजच्या फोल्डरमध्ये तर 'सिस्टम३२' मध्ये ६४-बिट फाइल असतात आणि 'सिसवॉव६४' मध्ये ३२-बिट. नावं उलटी वाटली तरी दोन्ही लागतात, एकही डिलीट करू नका.

सेकंडहँड मशिन घ्यायचं आहे. कितव्या पिढीचं घ्यावं?

विंडोज ११ हवी असेल तर इंटेलची ८ वी पिढी किंवा पुढची, एएमडीत रायझन २००० मालिकेतले बहुतेक आणि त्यापुढचे. पिढी नंबरातून कळते: आय५-७५०० ही ७ वी, आय५-८४०० ही ८ वी, आय५-१०४०० ही १० वी. यांत ७ वी स्वस्त मिळते म्हणून उचलली जाते आणि ती अधिकृत यादीत नसते. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असा संदेश आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो बायोसमध्ये बंद असतो. इंटेलवर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' नावाने शोधा.

यादीबाहेरच्या मशिनवरही आडमार्गाने विंडोज ११ टाकता येते, पण आम्ही ती कामाच्या मशिनवर टाकून देत नाही. २४एच२ आवृत्तीपासून तर एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञा) नसलेल्या प्रोसेसरवर ती बूटच होत नाही, म्हणजे कोअर २ ड्युओ पूर्ण बाद.

लिनक्सच वापरणार असाल तर ४ थ्या पिढीचा आय३ किंवा आय५ स्वस्तात छान पडतो. त्याच्याआधीचेही चालतात, पण ६४-बिटमध्येही आता पायऱ्या पडल्या आहेत. २०१३ च्या ४ थ्या पिढीत आलेल्या एव्हीएक्स२ सूचना काही लिनक्स सक्तीच्या करू लागली आहेत. मे २०२५ चं रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० त्यातलंच. त्या काळच्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये या सूचना नाहीत, म्हणून घेताना आय३ च्या खाली उतरू नका.

एआरएमचे (मोबाइलमध्ये असतात त्या जातीच्या प्रोसेसरचे) लॅपटॉप आलेत, मॅकही एआरएमवर गेले. थेट तिकडेच जावं का?

बॅटरी फार छान टिकते आणि लॅपटॉप तापत नाही. ज्याचं काम ब्राउझर, ऑफिस आणि व्हिडिओ कॉलवर भागतं त्याने जरूर विचार करावा. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आणला आणि इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम रोझेटा २ च्या मदतीने चालते ठेवले. ३२-बिट प्रोग्रॅम मात्र मॅकने त्याआधीच, २०१९ च्या कॅटालिनामध्ये बंद केले होते. एआरएम विंडोजमध्ये 'प्रिझम' हेच नकलेचं काम करतं.

पण ड्रायव्हरचा नियम इथेही तोच. नक्कल प्रोग्रॅमची होते, ड्रायव्हरची होत नाही. बिलिंगचा प्रिंटर, बायोमेट्रिक, डिजिटल सहीचं टोकन यांचे एआरएम ड्रायव्हर आहेत का ते तपासल्याशिवाय दुकानासाठी किंवा सीए ऑफिससाठी घेऊ नका.

२०३८ चं काय ऐकतोय?

बऱ्याच ३२-बिट प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२-बिट आकड्यात मोजतात. तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो, आणि पुढच्या सेकंदाला तारीख १९०१ मध्ये जाते. ६४-बिट लिनक्सवर वेळेचा आकडाच ६४-बिट असल्याने हा प्रश्न येत नाही. हे लांबचं वाटेल, पण पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचं कर्ज किंवा ठेव आजच जुन्या प्रोग्रॅममध्ये टाकली की मुदतीची तारीख त्या दिवसाच्या पलीकडे जाते. पतसंस्थांनी ही चाचणी आताच घ्यावी: मुदत २०४० ची टाका आणि तारीख, व्याज काय येतं ते बघा.

जुनं ३२-बिट मशिन शेवटी कुठे द्यायचं?

चालू असेल तर नेट नसलेल्या कामाला द्या: टायपिंगचा सराव, लेथच्या शेजारी ड्रॉइंग बघायला, डॉसचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या मशिनला सुटे भाग म्हणून. आयडीई हार्ड डिस्क आणि एटी-पीएस/२ कीबोर्ड यांना अजून मागणी आहे. बंद असेल तर हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा किंवा ती पूर्ण पुसून घ्या. नुसता फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढता येतो, आणि त्यात तुमच्या खातेदारांचे आधार आणि पासबुक असतात. बाकीचं मशिन नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका.